आबारावांनी नाकारलेली खुर्ची

तेरणा नदी आणि फटाके, दोन्ही आमच्या गावाला तेरखेड्याकडूनच येतात. फरक एवढाच, की फटाके वेळेवर येतात.

त्या एप्रिलात पुण्याच्या एका संस्थेची माणसं गावात येणार होती. नदीकाठचा वारसा आणि वन्यजीव जपणाऱ्या गावांना ही संस्था निधी देते. आमच्याकडं वारसा म्हणजे खचलेला दगडी घाट, आणि वन्यजीव म्हणजे बंधाऱ्यामागच्या खड्यांच्या बेटावर घर केलेली नदी सुरय पक्ष्यांची एकुलती जोडी. उघड्या खड्यांत तीन अंडी. ती तीन आहेत हे फक्त आबारावांना ठाऊक होतं.

आबारावांनी तीस वर्षं बंधाऱ्याची लोखंडी दारं घातली आणि काढली. निवृत्तीनंतरही ते रोज बंधाऱ्यावर जात. पाटबंधारे खात्याला याची कल्पना नव्हती. नोकरीत असतानाही फारशी नव्हती. हल्ली बेटावर कुत्री जाऊ नयेत म्हणून ते दिवसभर तिथंच बसत.

"माज्या बाळंतपणाला तुमी बंधाऱ्यावर व्हता," बनाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "आता पाखराचं तरी नीट करा."

सरपंच शांतलिंग यांनी पाहुण्यांसाठी तेरखेड्याहून दहा हजार फटाक्यांची माळ मागवली. हे कळताच आबाराव त्यांच्या दारात गेले.

"सरपंच, आवाजानं पाखरू उठंल. उठलं की अंडी उन्हात. घटकाभरात शिजत्यात."

"आवो आबा, बिनफटाक्याचं स्वागत? पाहुण्यांना वाटंल, मयताला आलोय."

"ते पाखरूच बघाया येत्यात न्हवं?"

"म्हणून तर! पाखराचा बी मान, पाहुण्यांचा बी मान. एकच माळ."

ठरल्या दिवशी अकराच्या उन्हात घाटावर खुर्च्या मांडल्या गेल्या. मंडपाबाहेर माळेचं खोकं ठेवलं होतं. आबाराव आले आणि खोक्यावर बसले.

"आबा, उठा. माळ लावायचीय."

"बसू द्या. गुडघं धरल्यात."

"मग खुर्चीवर बसा की. ही घ्या, पुढची."

ग्रामपंचायतीच्या कार्यक्रमात आबारावांच्या वस्तीतल्या कुणाला पुढची खुर्ची मिळाल्याचं कुणाच्या स्मरणात नाही. आज ती आग्रहानं मिळत होती. आबारावांनी हात जोडले. "जय भीम सरपंच. हितंच बरं हाय."

तेवढ्यात गाडी आली. पाहुण्यांदेखत म्हाताऱ्याला ओढणं शोभलं नसतं. शांतलिंगांनी काडेपेटी खिशात टाकून नमस्कार केला.

संस्थेच्या वैदेही मॅडमनी घाट पाहिला, मग दुर्बीण लावली. "बसलीय! काका, या ना, बघा."

तीस वर्षांत आबारावांनी ही पाखरं हातभर जवळून पाहिली नव्हती. ते अर्धे उठले. शांतलिंगांचा हात खिशाकडं गेला. आबाराव पुन्हा बसले.

"न्हाय मॅडम. हितनं दिसतंय."

तिथून काही दिसत नव्हतं. वैदेहीच दुर्बीण घेऊन त्यांच्यापाशी आल्या आणि खोक्यामागं उभं राहून त्यांनी ती त्यांच्या डोळ्यांना धरली.

"चोच उघडीय," आबाराव म्हणाले. "धापा टाकतंय. पंख जरा पसरल्यात, अंड्यांवर सावली पडावी म्हणून. उठंना काय."

बनाबाई मागं बायकांत उभ्या होत्या. त्या पुढं आल्या, छत्री उघडली आणि नवऱ्याच्या डोक्यावर धरून राहिल्या. सरपंचांचं भाषण चाळीस मिनिटं चाललं, तोवर हात बदलत धरली.

महिन्यानं निधी मंजूर झाल्याचं पत्र आलं. त्यात गावाच्या 'शांत आणि संयमी स्वागतपरंपरे'चं विशेष कौतुक होतं. शांतलिंगांनी ते चौकट करून कार्यालयात लावलं. आता ते प्रत्येक सभेत या परंपरेबद्दल बोलतात, माइकवरून.

पत्र यायच्या कितीतरी आधी, पाहुणे गेल्याच्या नवव्या दिवशी, तीनपैकी दोन अंडी फुटली होती. पिल्लं खड्यांच्याच रंगाची, हलली तरच दिसायची. तिसऱ्या अंड्यावर मादी आणखी दोन दिवस बसून राहिली. आबारावही काठावरून हलले नाहीत. बनाबाई दोन्ही दिवस भाकरी तिकडंच घेऊन गेल्या, आणि कुणी विचारलं तर सांगत, "एक राहिलंय अजून."