रनाळ्याची मोहफुलं

आमच्या घरात बी.ए. झालेला मी पहिला. एम.ए.ला प्रवेश मिळाला तेव्हा शिकलेली माणसं एकत्र काम कशी करतात, हे पाहायची मला फार उत्सुकता होती. पाहिलं ते व्हॉट्सअ‍ॅपवर.

समाजशास्त्राच्या प्रकल्पासाठी सरांनी पाच जणांचा गट केला. प्रत्येकाने आपल्या गावात दहा घरं फिरायची, ती माणसं वर्षभर कोणत्या कामावर जगतात ते विचारायचं आणि एकाच ऑनलाइन तक्त्यात भरायचं. गटप्रमुख मी. तीन मुलं सपाटीवरची, त्यांतला एक रनाळ्याचा. पाचवी मुलगी डोंगरातल्या, धडगावकडच्या एका पाड्यावरची.

गटात सकाळी फुलं यायची, दुपारी क्रिकेट. कामाचं विचारलं की तिघांचे तीन अंगठे. माझे वडील कागदावर अंगठा उमटवताना मान खाली घालायचे. या पदवीधरांना तेवढीही लाज नव्हती.

त्या मुलीच्या पाड्यावर तक्ता उघडत नसे. ती दहा घरं फिरली, वहीत लिहिलं, रेंजसाठी टेकाड चढली आणि पानांचे फोटो गटावर टाकले. ‘दादा, माझं तुम्ही भराल ना?’ मी हो लिहिलं आणि कंटाळा करत ठेवून दिलं.

दोन दिवसांत तिघांची माहिती तक्त्यात आली. रनाळ्याची दहाही घरं उन्हाळ्यात मोहफुलं वेचत होती आणि दिवाळीनंतर पोराबाळांसकट गुजरातेत ऊसतोडीला जात होती. ठिबकवर केळी-पपई घेणारी घरं! तिघांनीही तिच्या वहीतली पानं जशीच्या तशी उतरवलेली, फक्त गावाचं नाव बदललेलं. नक्कल करायलाही वाचावं लागतं. तेवढेही कष्ट यांनी घेतले नव्हते.

मी रनाळेवाल्याला फोन लावला. “तुमना गावमा मोह कोठे शे रे भो?”

“काय फरक पडस? सर थोडाच वाचतस! तू लई शाना नको बनू.”

मी फोन ठेवला आणि सरांना काही कळवलं नाही. तिची पानं त्यानंतर भरली, सगळ्यांत शेवटी.

पुढच्या ऑनलाइन बैठकीत सर म्हणाले, “गटप्रमुख सोडून चौघांची उत्तरं सारखीच आहेत.” मग त्या मुलीला, “तुझी सर्वांत शेवटी आलीत. कॉपी करणाऱ्याचा प्रकल्प मी घेत नाही. हे वर्ष गेलं समज.”

“सर, मी घरोघर फिरलेय,” ती म्हणाली. आवाज तुटत होता. तिघांचे कॅमेरे बंद, माइक बंद.

मी माइक सुरू केला. “सर, तिचं मी भरलं, म्हणून उशीर झाला. तिचे फोटो आधीचे आहेत, गटावर वेळ दिसते. आणि सर, रनाळ्यात मोहफुलं कोण वेचतं?”

सर तक्त्यात रनाळं शोधू लागले. ती ओळ त्यांनी वाचलीच नव्हती. रनाळेवाला सरांबद्दल खरं बोलला होता, याचाच मला अधिक संताप आला.

“तिचा प्रकल्प घेतो,” सर म्हणाले. “तुम्ही चौघं पुन्हा फिरा. हो, तूही. तिचं भरताना तुला ही नक्कल दिसली होती ना?”

तिघांनी संध्याकाळपर्यंत माझ्याशिवाय नवा गट केला. माझं काही नडलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला. ‘दादा, त्यांची नक्कल तुम्हाला आधीच दिसली होती का?’

मी ‘हो’ लिहिलं. तिने ते वाचलं. उत्तर आलं नाही.