कुकरच्या शिट्टीचे तुकडे

लग्न होऊन वेस्ट मांबलमला आले तेव्हा माझ्या सामानात चार साड्या होत्या आणि बाकी सगळ्या वायरी. मी घरबसल्या बीट्स बनवते. म्हणजे कुठलाही आवाज रेकॉर्ड करायचा, लॅपटॉपवर त्याचे तुकडे करायचे आणि ते तालात वाजवायचे. तंजावरी वळणाचं मराठी बोलणाऱ्या सासूबाईंनी काही दिवस हे बघितलं आणि म्हणाल्या, "कापायचंच आहे तर भेंडी काप गे."

त्या रविवारी आत्याबाई जेवायला यायच्या होत्या. आत्याबाई म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण, राहणार अंबत्तूर. सासूबाईंच्या हातचं त्यांनी आजवर एकदाही चांगलं म्हटलेलं नव्हतं. पान चाटूनपुसून स्वच्छ, तोंड मात्र वाकडं. त्यामुळे सासूबाई सकाळपासून सांबाराच्या हात धुऊन मागे लागल्या होत्या. आज नणंदेच्या तोंडून एक तरी बरा शब्द काढायचाच, असा त्यांचा हट्ट होता.

डाळ कुकरला लावून त्या आंघोळीला निघाल्या. सासऱ्यांना बजावलं, "तीन विसल झाले की बंद करा." स्वयंपाकघरातलं एवढं एकच काम सासऱ्यांकडे आहे, आणि तेही ते पेपरातून डोकं वर न काढता करतात.

मी आतल्या खोलीत. हेडफोनने आदल्या दिवशीच मान टाकली होती, म्हणून स्पीकर लावलेला. समोर होती आमच्याच कुकरची, मागच्या आठवड्यात रेकॉर्ड केलेली शिट्टी. सुरुवातीची फुसफुस कापून बाजूला काढली, शेपूट छाटलं आणि मधली खणखणीत किंकाळी एका बटणावर बसवली. नीट बसली का बघायला बटण दाबलं. झकास! पुन्हा दाबलं. मग अजून एकदा, जरा लांबवून.

बाहेर सासऱ्यांनी उठून गॅस बंद केला.

सासूबाईंनी झाकण उघडलं तेव्हा आत्याबाई पानावर बसलेल्या होत्या. बारा म्हणजे बारा, थांबणं त्यांना माहीतच नाही. डाळ तशीच टणक, चिंचेच्या पाण्यात गेली. "तीन मोजले मी," सासरे म्हणाले. सासूबाईंनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्या स्पीकरकडे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत्याबाईंनी पहिला घास घेतला. कुर्रकन आवाज झाला, तो मला दारातून ऐकू आला. खरं सांगायचं तर आवाज अप्रतिम होता, पण फोन काढायची हिंमत झाली नाही.

"वहिनी," आत्याबाई म्हणाल्या, "आज परुप्पु दाताखाली येतंय की! दर वेळी डाळीचा नुसता लगदा करतेस. सांबार असं असावं."

दोनदा वाढून घेतलं. जाताना डबाही भरून नेला.

त्या गेल्यावर सासूबाईंनी उरलेलं सांबार पुन्हा गॅसवर चढवलं. मी माफी मागायला जवळ गेले, तर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अय्यो, मग इतकी वर्षं मी डाळ शिजवत कशाला होते गे?"