पट्टा पडल्यावर एडनला

आमच्या ह्यांनी उजनीच्या पाण्यात शिडाची होडी तीनदा चालवली, दोनदा उलटवली, आणि मग ठरवलं की रत्नागिरीहून निघून, अरबी समुद्र ओलांडून थेट एडन गाठायचं. जोडीला इंदापूरचे केळीवाले तात्या. एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं!

सारी थंडी जळोचीच्या आमच्या घरात ही मोहीम चालली. जेवणाच्या टेबलावर समुद्राचा नकाशा, आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन. चाचे आले तर काय करायचं, यावरच कितीतरी रविवार गेले. तात्या म्हणाले, "वहिनी, मिरचीपूड जरा जास्तच द्या. डोळ्यात फेकली की खेळ खलास." बंदूकवाल्यांवर मिरचीपूड! मी म्हटलं, "त्यापेक्षा शेंगदाण्याची चटणी न्या, निदान खाल्ली तरी जाईल."

निघायचा दिवस मात्र त्यांनी चर्चेशिवाय ठरवला. हे साखर कारखान्यात, बॉयलरवर. आमच्याकडे लग्न, घराचं रंगकाम, मूळव्याधीचं ऑपरेशन, सगळं गळीत हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडल्यावर. समुद्रालाही तोच नियम लावला. पट्टा पडला, साफसफाई उरकली, की मेच्या अखेरीला निघायचं.

मी रत्नागिरीच्या खाडीकाठची. माझ्या माहेरी तेव्हा पावसाळी वारा सुटायच्या आत होड्या वर ओढून नारळाच्या झापांनी शाकारतात. मग नारळी पौर्णिमेपर्यंत कुणी त्या पाण्याच्या वाटेला जात नाही.

"चाच्यांना कशाला भिताय?" मी म्हटलं. "त्या वाऱ्यात ते तरी कुठं बाहेर पडतायत?"

"व्हय की," तात्या म्हणाले. "वाऱ्याचा इचार आपण केलाच न्हाय."

शिडाच्या होडीनं निघालेली माणसं, आणि वाऱ्याचा विचार नाही! माझं डोकंच फिरलं. खरं तर मी घाबरले होते. माझा नवरा बुडायला निघाला होता, तेही इतक्या टापटिपीनं.

ह्यांनी नकाशावरची नजर उचलली नाही. "समुद्र मोकळा कधी होतो?"

"काठाकाठानं नारळी पौर्णिमेला. एडनला न्यायचा वारा दिवाळीनंतर."

"तेव्हा तर बॉयलर पेटलेला असतो."

"मग द्या राजीनामा! एवढी हौस आहे तर!"

तात्या चहा न घेताच उठले. ह्यांनी नकाशा गुंडाळून कपाटावर टाकला, आणि त्यानंतर घरात समुद्राचं नाव निघालं नाही.

दिवाळी झाली, कारखाना सुरू झाला. इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन हे निमूट कामावर निघाले. जीव भांड्यात पडला माझा. तरी फाटक लावताना तोंडातून निघालंच, "भित्रे कुठले!"