चिंचेचा शॉट

पनवेलमध्ये हळदीचे व्हिडिओ एडिट करण्यात दीपेशचा हात धरणारा कोणी नाही. कॅमेरा माझा, एडिटिंग त्याचं. या व्हिडिओत मानपान आधी, वेळ नंतर. मामा जेवणं आटपल्यावर उगवला तरी पडद्यावर तोच पहिला दिसला पाहिजे, नाहीतर रुसवा. हळदीत त्याने काही बिघडत नाही.

मग कोन गावच्या भगवानशेठना सिनेमा काढायची हुक्की आली. जमिनी विकून झालेल्या, मुलगा प्रणित हिरो. सिनेमात तो तीस वर्षं मागे जातो आणि बापाला शेत विकण्यापासून अडवतो. दीपेश हरखला. आपलं नाव एकदा तरी हळदीशिवाय कशावर तरी लागावं, एवढंच त्याला हवं होतं.

त्याने डोकं चालवलं. हिरो मागे गेला की आधी बांधावरची चिंच दिसायची. परत आला की पडद्यावर त्याच जागी पेट्रोल पंप. क्षणभर थांबायचं, मग गोष्ट पुढे. चिंच आम्ही शिरढोणला जाऊन टिपली. त्याने तसा जोडलेला अख्खा सिनेमा आधी आईला, म्हणजे भामाकाकूंना दाखवला. कधी सिनेमा न बघणारी ती बाई, एकदाही "हे कधीचं?" म्हणाली नाही.

शेठने मात्र तोंड वाकडं केलं. "झाडावर कशाला टाइम घालवतो? आमचे पावणे कुठं हायत?"

झालं. चिंच उडाली, पंप उडाला. मेहुणे रुसतील म्हणून त्यांचा शेवटचा प्रसंग सुरुवातीला आला. तीस वर्षांपूर्वीच्या शेतात मोबाइल धरलेल्या आत्याबाई घुसल्या. मला शिसारी आली. म्हटलं, सोड हे काम. तर म्हणतो, "नाव तर लागतंय ना."

हॉलमध्ये सिनेमा लागला. बाप मेला आणि पुढच्या प्रसंगात जेवायला बसला. लोक एकमेकांना विचारायला लागले, "ह्यो आता गेला का आला?" सिनेमा संपल्यावर शेठने माइक घेतला. "एडिटिंग आमच्या दीपेशने केलीय. समजला नसल तर त्याला धरा!"

सगळा हॉल खिदळला. भामाकाकू उठून ओरडल्या, "माज्या पोराने पयला केलेला तो मना सगला समजला होता!"

शेठने तिकडे बघितलंही नाही. दीपेशला वर बोलावून शाल घातली. आणि हा लेकाचा हसला! शाल सावरत खाली आला, आईचा हात खाली ओढत म्हणाला, "बस गो आये. तुला काय समजतंय त्यातला."