लोणच्यासाठी मारलेल्या उड्या

लोणच्यापायी मी सासरचं बियाणं मारलं. आता नातवंडांना सांगते तर ती फिदीफिदी हसतात. हसू देत. तेव्हा माझं पाणी पाणी झालं होतं.

लग्नाचं पहिलंच वर्ष. सासूने बियाण्यासाठी राखलेलं सोयाबीनचं पोतं भिंतीशी आडवं ठेवलेलं, वरच्या फळीवर कैरीच्या लोणच्याची बरणी. घरात कोणी नसलं की ही शहाणी सून पोत्यावर चढायची, फोड तोंडात टाकून धपकन उतरायची. चाहूल लागली तर घाईत पुन्हा चढून झाकण लावायची. सोयाबीनची साल नाजूक, पोतं आपटायचंही नसतं, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी लोणचं सुटलं असतं होय!

सासूने उन्हाळ्याआधीच, माझ्या उड्या सुरू होण्यापूर्वी, शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहिली होती. चांगली होती. त्यामुळे बियाण्यावर कोणाचा संशय नव्हता.

पेरणी झाली. सहाव्या दिवशी शेजारच्या वावरात हिरव्या ओळी दिसू लागल्या, आमची नुसती काळी माती. सासरे अर्धी भाकरी टाकून वावरात निघाले, मागोमाग आम्ही. धाकटे दीर शेतीचं शिकत होते. त्यांनी बोटाने पेरलेल्या ओळीचा तास उकरला. दाणा मऊ पडलेला, भोवती पांढरे धागे.

"बुरशी हाय, वहिनी. मातीत झोपून राह्यते. बी भिजलं की त्यातून साखर पाझरते, तिनं हे जागी होते. चांगलं बी जराकच पाझरते. पण ह्याची सालच तडकेल दिसते. सारं गोड भाईर सांडलं. काऊन तडकलं असन?"

मला फळी आठवली आणि पोत्यावरच्या माझ्या उड्या.

"उद्या उरलेलं बी टाकू," सासरे म्हणाले.

उरलेलं त्याच पोत्यातलं! बोलले तर फजिती, न बोलले तर दुसरी पेरणीही बुरशीच्या तोंडी. संध्याकाळी तीन भाकरी करपवल्या. चौथी तव्यावर टाकून उठले आणि सासूसमोर एका दमात सगळं ओकले: फळी, बरणी, उड्या.

तिने पोत्यातले मूठभर दाणे परातीत ओतले. अर्ध्यांच्या साली चिरलेल्या. "हे बी पेरू नका हो, दुसरं पाहा," तिने सासऱ्यांना ओरडून सांगितलं. मग बरणी खाली उतरवली, माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली,

"लोणचं पाह्यजे होतं त मले मांगतीस, बाई. तुले एकटीले पुरवलं असतं. जमिनीतल्या साऱ्यायले काऊन जेवू घातलं?"