कोपऱ्यातले आठ हजार चारशे

दिग्रसला माझ्या घरमालकीणबाईंना सगळा मोहल्ला गेमवाल्या काकू म्हणायचा. वय सत्तरीचं आणि हातात सदा व्हिडिओ गेम! वरून विटा पडतात, खाली रचायच्या, तो. हल्लीच्या पोरांना व्हिडिओ गेम म्हटलं की मोबाइलच आठवतो. काकूंना ते मुळीच मान्य नव्हतं. "मोबाइलवर फोन येते, मेसेज येते. गेम कसा, हातात मावला पाह्यजे अन् त्यात दुसरं काईच नाई पाह्यजे!"

तो काकांनी आणलेला. कापसाच्या जिनिंग कारखान्यातून ते आले की चहा पितापिता दोघं आळीपाळीनं खेळायचे. मग काका गेले, मुलगा पुण्याचाच झाला, आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात काकांचा सगळ्यात मोठा आकडा तेवढा राहिला, ८४००. काकू रोज दुपारी एकट्या खेळायच्या आणि आठ हजार झाले की मुद्दाम विटांचा ढीग लावून डाव संपवायच्या. "यायच्या आकड्याच्या पुढं नाई जाणार मी."

स्क्रीन फिकी पडली तरी सेल बदलेनात. मला वाटलं, चिक्कूपणा. त्या बाजारात गेल्या होत्या तेव्हा मी शहाणीनं नवे सेल घालून ठेवले. आल्या, चष्मा लावला, बटण दाबलं. स्क्रीन लख्ख, आणि कोपऱ्यात शून्य! सेल काढले की आकडा पुसला जातो, हे मला कुठं ठाऊक?

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुले काय माईत, पोरी," एवढंच म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे दुपारी त्यांचं दार बंदच असायचं. हाक मारली की "झोपून राह्यली वो" म्हणायच्या. दोनेक महिन्यांनी माझी वणीच्या शाळेत बदली झाली. निरोप घ्यायला गेले, तर त्यांनी गेम माझ्यापुढे धरला. कोपऱ्यात ८४००.

"लय डाव गेले. आकडा पुढं गेला का सेल काढा, अन् पुन्हा शून्यापासून." मग डोळे वटारून म्हणाल्या, "आता सेलले हात नको लावू!"

यंदा उन्हाळ्यात काकू गेल्या. मुलानं गेम माझ्याकडे पाठवून दिला. बटण दाबलं तर स्क्रीन कोरी. आत काही उरलेलं नाही, हे मला चांगलं कळतं. नवे सेल आणून ठेवलेत, पण जुने काढायला हात होत नाही.