लाकडी रणगाडे

माझी बायको गेली, तिला हे कधी कळलं नाही. लेकांना आजही ठाऊक नाही. तुम्हांला सांगतो —

मी कंधारचा सुतार. निजामाच्या राज्यात हाताला काम मिळेना, म्हणून इंग्रजांच्या फौजेत गेलो. लोह्याचा निवृत्ती माझ्यासोबतच भरती झाला. आम्हांला आफ्रिकेच्या वाळवंटात नेलं. तिथं गस्तीवर असताना मी एकटा जर्मनांच्या हाती सापडलो.

त्यांची नवी कोअर तेव्हा नुकती उभी राहत होती — दोन डिव्हिजनांची फौज, एका जनरलच्या हुकुमाखाली. पण अर्धी फौज अजून जहाजांवरच. जनरल काही थांबायला तयार नव्हता. आहे तीच फौज मोठी दाखवा, म्हणाला. मग छोट्या मोटारींवर फळ्या आणि कापड ठोकून खोटे रणगाडे करायचं ठरलं. मी सुतार आहे हे कळलं, आणि माझ्या हातात करवत आली. मारहाण झाली का? नाही. पाव जास्त मिळत होता — म्हणून केलं.

कोअर पुढं निघाली, तेव्हा दुरुस्तीला मलाही सोबत घेतलं. धुळीच्या वादळात मी पळालो. तिसऱ्या दिवशी आपल्या ठाण्यावर पोचलो. साहेबानं एकच विचारलं — टँक किती?

बरेचसे लाकडाचे आहेत हे सांगायचं, तर ते कुणी बनवले हेही सांगावं लागलं असतं. दुश्मनाचं काम केलं म्हणून कोर्टमार्शल — एवढंच डोक्यात आलं. म्हणालो, "बहुत हैं साहब. गिनती नहीं."

दुपारी ठाणं सोडायचा हुकूम झाला. गाड्या पुरेनात. जखमींच्या तंबूत निवृत्ती होता, पाय मोडलेला.

"मला उचल की रं," तो म्हणाला.

"दुसरी गाडी येऊन राहिली," मी म्हणालो. — येणार नव्हती. मला माहीत होतं. त्याला उचलायचं, तर माझी जागा द्यावी लागली असती. मी गाडीत चढलो.

त्या तंबूवर तोफेचा गोळा पडला, ही खबर चार दिवसांनी आली.

लढाई संपल्यावर लोह्याला गेलो. त्याच्या आईला सांगितलं, "मावशी, माझ्या मांडीवर गेला. तरास न्हाई झाला."

तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. "तू जवळ व्हतास," म्हणाली, "लई बरं झालं."

मी म्हणालो, "हाव."